बुडायला शिकलेली पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. जखमेवर बांधतात ना, तीच. सध्या दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेय आणि थोड्याच वेळात मला कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतील. तेवढ्यात माझी हकिगत सांगून घेते, कारण माझ्याइतकं नशीब आमच्यात फार थोड्या जणींना मिळतं.

जन्म कापसाचा. त्याचं सूत झालं, ते मागावर चढलं आणि विरळ विणून माझा लांबलचक तागा झाला. तेव्हा मी पट्टी नव्हते आणि अशी गोरीपानही नव्हते. पिवळट, खळ लावलेली, कडक. शिवाय कापसाच्या अंगात उपजतच मेण असतं, त्यामुळे पाणी टाकलं की ते ओघळून जायचं. असल्या कापडाचा जखमेला काय उपयोग, सांगा बरं. म्हणून मला धुलाई खात्यात पाठवलं. तिथे सोड्याच्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास शिजवून माझं मेण काढलं, मग मला पांढरंशुभ्र केलं. एवढं सोसल्यावर जी तहान लागली, ती काही केल्या भागेना.

धुलाई खात्याचे प्रमुख म्हणजे मास्तर. माणूस लाखात एक, पण आयुष्य गेलं शर्टाच्या कापडात. कापड दिसलं रे दिसलं की ते चिमटीत धरायचे, अंगठ्याने चोळायचे, मग हळूच गालाला लावून बघायचे. मऊ लागलं की स्वारी खूश. दवाखान्याचं कापड करायला कारखान्याने नुकतीच सुरुवात केली होती, आणि मास्तरांची जुनी सवय काही सुटत नव्हती.

त्यात त्यांना घरची काळजी होती. त्यांच्या बायकोला साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती सात महिने बरीच होईना. सारखी पाझरायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी सहा आठवडे बघू, नाही भरली तर अंगठा काढावा लागेल. आमच्या कारखान्याची नवी पट्टी तो दवाखाना मोजक्या रुग्णांवर वापरून पाहणार होता आणि त्या यादीत मास्तरांच्या बायकोचं नाव होतं. मास्तर दिवसातून चार वेळा कॅलेंडरकडे बघायचे.

माझं शेवटचं स्नान चांदीच्या क्षाराचं होतं. त्यात चांदी अगदी नावाला असते, पण जंतूंना तेवढीही सोसवत नाही. या पाण्यात बुडवून दोन रबरी रुळांमधून कापड पिळून काढतात, म्हणजे औषध सगळीकडे सारखं लागतं. त्या दिवशी मास्तरांनी मला चोळून पाहिलं. मी खरखरीत लागले. त्यांचा चेहरा पडला. बायकोच्या पायावर हे असलं कापड? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शर्टाच्या कापडासाठी ठेवलेल्या सॉफ्टनरचा एक मग गुपचूप त्या पाण्यात ओतला. मी एवढी मऊ झाले म्हणता! मलाच माझं कौतुक वाटायला लागलं.

पुढे गाठ पडली घड्याळबाईंशी. त्या कारखान्याच्याच प्रयोगशाळेतल्या बाई. हातात सदा स्टॉपवॉच, म्हणून सगळे त्यांना घड्याळबाई म्हणतात. त्यांनी माझी दोन टोकं कापली. एक जंतूंच्या बशीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्याच्या आसपास जंतूंचा पत्ता नाही. मी फुशारले. दुसरं टोक त्यांनी पाण्याच्या काचेच्या भांड्यात सोडलं आणि घड्याळ दाबलं. आमची परीक्षा उलटी असते. दहा सेकंदांत जो तुकडा बुडेल तो पास, कारण पाणी भराभर पिणारं कापडच बुडतं.

दहा सेकंद झाले, मिनिट झालं, बाईंनी डबा उघडून दोन घास खाल्ले, तरी मी आपली निर्लज्जासारखी तरंगतेय. मला वाटलं, काय झकास पोहतो आपण!

बाई तडक धुलाई खात्यात आल्या आणि पाण्यात काय काय घातलं ते विचारायला लागल्या. मास्तरांनी आधी कागदावरचं सगळं वाचून दाखवलं. मग जंतू मेलेत ना, मग झालं तर, असा वाद घालून पाहिला. शेवटी मास्तरांनी सॉफ्टनरचा तो मग उचलून दाखवला. म्हणाले, "तिला टोचू नये म्हणून घातलं हो."

बाईंना त्यांच्या घरचं सगळं ठाऊक होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, सॉफ्टनरचा थर बसला की कापड पाणी पीत नाही. वहिनींच्या पायाला मऊ नको, कोरडं हवंय. जखमेचं पाणी पट्टीखाली साचलं तर अंगठा जाईल."

मास्तरांनी स्वतःच्या हाताने माझ्यावर "नापास" असं लिहिलं. मला पुन्हा धुणं, पुन्हा औषधात बुडवणं, पुन्हा परीक्षा, यात नऊ दिवस गेले. या खेपेला मी तीन सेकंदांत तळाला गेले. पण ते नऊ दिवस सहा आठवड्यांतूनच गेले होते.

मग माझे तुकडे झाले, घड्या झाल्या, पाकिटं झाली, आणि त्यातल्या एका पाकिटात मी दवाखान्यातल्या खोक्याच्या अगदी तळाशी येऊन पडले. पहिल्याच दिवशी मास्तरांनी बायकोला खरं काय ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता रडारड. तर ती म्हणते कशी, "माझ्या भाजीत न विचारता मीठ टाकायची खोड होतीच तुम्हाला. आता औषधापर्यंत मजल गेली का?" पट्टी बांधणाऱ्या सिस्टरला हसू आवरेना. मास्तरांना मात्र हसता येईना.

माझ्या सोळा बहिणी माझ्याआधी कामी आल्या. पहिल्या चिंब भिजून निघायच्या. मग अर्ध्या ओल्या, मग बटणाएवढा डाग. सगळं श्रेय आमचं नाही हं. वहिनींनी गोड तोंडात घातलं नाही, सिस्टरने कधी घाई केली नाही. आम्ही आपलं प्यायचं काम केलं.

तुम्हालाही हात जोडून एक सांगते. पट्टीचा कोपरा उचलून आत डोकावू नका. तुम्हा माणसांना भारी घाई. फुंकरही मारू नका, त्या फुंकरीत काय काय असतं ते घड्याळबाईंच्या बशीत आम्ही पाहिलंय.

परवा माझी पाळी आली. मी अंगठ्यावर बसले आणि तहानेने वाट पाहत राहिले. दोन दिवस. काहीच येईना.

मघाशी सिस्टरने मला उचललं. मी न चिकटता अलगद निघाले. डॉक्टरांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि ही तर कोरडी ठणठणीत आहे असं म्हणाले. मास्तर पांढरेफटक पडले. म्हणाले, "पुन्हा पाणी पीत नाही का हो ती? माझंच काही चुकलं का?"

"नाही मास्तर," डॉक्टर म्हणाले, "प्यायला काही उरलंच नाही. जखम भरली. अंगठा राहिला."

मास्तर तोंडावर रुमाल धरून रडायला लागले आणि त्यांची बायको त्यांची पाठ थोपटत, हसत, स्वतःही रडत होती. आली बघा पिशवी. निघते मी. जन्मभर तहान घेऊन फिरले आणि एक थेंबही न पिता चाललेय, पण इतकी तृप्त पट्टी या ट्रेने अजून पाहिली नसेल.