पाच पायऱ्यांखालची गाडी

एक चाक हिरव्या सायकलचं, दुसरं लाल सायकलचं.

पुठ्ठ्याला चिकटलेला पिवळा भात.

पाच पायऱ्या.

"असू दे, मबाह, असू दे."

हे सगळं माझंच आहे, मित्रांनो. मी सुका कचरा गोळा करणारी जुनी हातगाडी. इंडोनेशियातल्या मलांग शहराच्या एका उतरत्या गल्लीत राहते. खाली नदी आहे. मी नव्हते तेव्हा गल्लीचा कचरा तीच वाहून न्यायची.

मला ओढणाऱ्या सुहार्नीबाईंच्या नवऱ्याने मला मोडक्या पलंगाच्या फळ्यांतून जोडलं. सुरुवातीला कौतुक फार झालं. साहेब लोक आले, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. मग कौतुक सरलं. ओझं राहिलं.

रमजानच्या उपासाच्या महिन्याआधी आमच्याकडे घरोघरी पितरांसाठी जेवणं होतात. जो तो पुठ्ठ्याचा डबा भरून घरी नेतो. पुठ्ठा आहे म्हणून तोच डबा मग माझ्यात येतो. तळाशी भात, रस्सा, कोंबडीचं हाड तसंच. असा एक डबा अख्खी रद्दी कुजवतो. रद्दी विकत घेणाऱ्या गोदामवाल्याने दोनदा माल परत पाठवला. तिसऱ्यांदा असं झालं तर ट्रक येणार नाही, असं सांगून टाकलं. ट्रक नाही तर मी नाही. मग पुन्हा नदीच.

फेरी तुमीनाह मबाहपासून सुरू होते. मबाह म्हणजे आजी. ती करते तेच गल्ली करते. पाच पायऱ्या उतरून ती दोन्ही हातांनी पोतं देते, आणि इथे वडीलधाऱ्यांना कुणी नाही म्हणत नाही. सुहार्नीबाई हसून "असू दे" म्हणत. वळणापलीकडे मला थांबवत आणि बोटांनी भात खरवडत. पुढच्या घरांचाही तसाच, तरी एखादा डबा सुटायचाच. तीन वर्षं.

त्या रविवारी वळणावर त्या वाकल्या, आणि त्यांना सरळच होता येईना. दुपारी ट्रक यायचा होता. माझा दांडा धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला ओढत मागे फिरल्या, पायऱ्यांखाली थांबवलं आणि पोतं उचललं. पाच पायऱ्या चढल्या.

"मबाह, यात भात आहे."

"मग? भात काय कागदाला चावतो?"

"कुजवतो. दर वेळी मी काढते. आता पाठ वाकत नाही."

म्हातारीने पोत्यातला डबा उचलून पाहिला. मग म्हणाली, "तीन वर्षं हसत नेलंस. मला वाटलं, पोरीला चालतंय."

"तुमच्यापुढे बोलायचं कसं?"

"आत्ता बोललीस तसं. बस इथे."

तिने डब्याचा तेलकट तळ फाडला, भात कोंबड्यांपुढे टाकला, कोरडं झाकण मला दिलं. मग पायरीवरच बसली. डबे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगू लागली, आधी कोंबड्या, मग गाडी. दुपारी ट्रकने माल घेतला.

मी अजून ओढली जाते. लाल चाक घासतं. मित्रांनो, गाडीत टाकलं म्हणजे संपलं, असं नसतं. पुढे कुणाचे तरी हात असतात. डबा रिकामा करून, पुसून द्या. आणि गोळा करणाऱ्यांनो, हसून गप्प बसू नका. एवढंच. दमले आता.

गल्लीतली सगळ्यात पहिली बाटली मला तुमीनाह मबाहने दिली होती. ती धुतलेली होती; सांगितलं असतं तर डबाही पुसूनच आला असता.