गरम खोलीत लावलेला आवाज

सकाळी घरात सेझिमची गिटार मी बनवलेल्या डबीतून, म्हणजे आवाज फाडणाऱ्या फझ पेडलमधून, अशी गुरगुरली, की खालच्या म्हातारीने वैतागून हीटिंगचा पाइप बडवला. आणि दुपारी काराकोलच्या चौकात, स्टेजमागे, तीच डबी मरू घातलेल्या माशीसारखी भुणभुणतेय.

"ताई, हे काय गं? सकाळी तर फाडत होती!"

काय ते मला कळलं होतं. आतले दोन जुने सोव्हिएत ट्रान्झिस्टर थंडी-उन्हाने मूड बदलतात. आमच्या इमारतीतलं हीटिंग मात्र कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. बाहेर बर्फ, आत आपण बनियनवर. मी रेझिस्टर निवडला तो बनियनवर बसून. आठ पॉइंट दोन किलो-ओहम. गाढव मी!

नौरोजच्या कार्यक्रमाचा कर्ताधर्ता असिलबेक आधीच बजावून गेला होता, "पोरींनो, एकच गाणं. खरखर झाली की बंद करीन, पुढच्या वर्षी तोंड दाखवायचं नाही." मुलांच्या बँडला चार गाणी. त्यांच्या स्पीकरची शिट्टी कानठळ्या बसवते, तेव्हा हा टाळ्या वाजवतो.

डबी उघडली. जुना रेझिस्टर काढायला वेळ नव्हता. त्याच्यावरच दुसरा आडवा टेकवला, म्हणजे एकूण आकडा उतरतो. सत्तावीस? भुणभुण. अठरा? गुरगुरली!

"हाच! हाच डागून टाक!" सेझिम ओरडली.

मी हात काढला आणि आवाज पुन्हा बसला. माझ्या बोटांची ऊब लागत होती ट्रान्झिस्टरला! म्हणजे आपल्याच हाताने फसवलं. आता कशावर विश्वास ठेवायचा?

"पोरींनो, चला!" तिकडून हाक आली.

थंडीत आकडा अजून उतरायला हवा, म्हणून दहाचा उचलला. श्वाससुद्धा डबीवर पडू दिला नाही, लांबून कथलाचा डाग दिला. ऐकून बघायला सवड नव्हती. सेझिमच्या हातात डबी कोंबली.

"लागेल ना, ताई?"

"वाजव."

तिने स्टेजवर डबी खाली ठेवून तिच्यावर पाय दाबला. पहिलाच सूर असा फुटला की समोरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या धरल्या. जाड, दातेरी, भरलेला.

"खरखर! बंद करा!" असिलबेक आवाजाच्या बटणांच्या पेटीकडे धावला.

मी पेटीसमोर उभी राहिले.

"ही खरखर मी निवडलीय, असिलबेक साहेब," मी म्हटलं. "लावून बघा हात."

तो थांबला. गाणं चालू राहिलं. मी जागेवरून हलले नाही.