उंबरखारची उघाडी

पनवेलच्या नंदकुमार गुप्तेला विमान चालवायचं वेड होतं. वडिलांची भाताची गिरणी, स्वतःचा तळोज्याला रसायनांचा छोटा कारखाना, घरी बायको आणि दोन लहान मुली, सगळं यथास्थित असताना हा गृहस्थ रविवारी उजाडायच्या आत उठून जुहूला जायचा आणि क्लबच्या दोन माणसांच्या विमानातून आभाळात हिंडून यायचा. "घारीसुद्धा भूक लागल्याशिवाय एवढ्या घिरट्या घालत नाही," असं त्याची बायको सुचित्रा म्हणे. ती स्वतः त्या विमानात कधी बसली नाही.

कारखान्याच्या फाटकावर देवजी म्हात्रे नावाचा वॉचमन होता. साठीचा, काटक, बोलायला कमी. मूळचा नेरूळच्या बाजूच्या खाडीकाठचा, उंबरखार नावाच्या पाड्यावरचा. आता तो पाडा राहिला नव्हता. नवं शहर बसवायचं म्हणून जमिनी घेतल्या गेल्या, डोंगर फोडून मुरूम आणला गेला आणि भाताची खार, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, भरून सपाट झाली. देवजी मुलाकडे, नावड्याला राहायला आला.

एकदा त्यानं दबकत विचारलं, "शेट, तुमचा इमान आमच्या खारीवरून जातो का?"

"पुण्याला जाताना जवळूनच जातो. का हो, देवजीबाबा?"

देवजीनं मग थांबत थांबत सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी भाद्रपद अमावस्येला भर दुपारचं उधाण आलं होतं. शेतात भात पोसवलेलं. उघाडीपाशी, म्हणजे खारीतलं पाणी खाडीत सोडायचं दार असतं तिथं, बांधाला खांड पडली. देवजी बाजाराला गेला होता. त्याची बायको गोजरा एकटीच डोक्यावर मातीची पाटी घेऊन खांड बुजवायला धावली. मागून माणसं पोचली तेव्हा बांधही नव्हता आणि गोजराही नव्हती. ती सापडलीच नाही.

"दर अवसेला मी तिथं नारल द्यायचो," देवजी म्हणाला. "आता सगला मुरूम. बांध कुठं, उघाडी कुठं, कायच उमगत नाय. पन खाडीचं वलन तर तेच हाय ना? वरून बगितलं तर मना जागा कलेल."

नंदकुमारला पुढच्याच आठवड्यात पुण्याची फेरी करायची होती. शेजारची जागा रिकामीच असायची. तो म्हणाला, "चला."

एक्याऐंशी सालचा जानेवारी. सकाळी हवा धुरकट होती, पण जुहूच्या कंट्रोलनं परवानगी दिली. देवजी धुतलेला सदरा घालून, टोपी मांडीवर घट्ट धरून बसला. विमान उडालं तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि उघडले ते खाडीवर आल्यावर. वाशीचा पूल खाली काडीसारखा दिसत होता. पलीकडे धुराळा दाट झाला. उजवीकडे खाडी, डावीकडे डोंगर, एवढं दिसत होतं, आणि ही वाट नंदकुमारला पाठ होती. जागा नीट दिसावी म्हणून त्यानं विमान थोडं खाली घेतलं.

धुराळा एकदम विरळ झाला. खाली हिरवंगार भात होतं.

नंदकुमारला वाटलं, आपण वाट चुकलो. वाऱ्यानं उरणकडे ढकललं असावं. त्यानं होकायंत्र पाहिलं. दिशा बरोबर. डोंगराची ओळखीची सोंड जिथं हवी तिथंच. पण जानेवारी महिना, भात कापून कधीच झालेलं, आणि इथं तर भातच उरलेलं नव्हतं, मुरूम होता. मागच्याच महिन्यात त्यानं तो लाल पट्टा वरून पाहिला होता. आता बांधाबांधांतून पाणी चकाकत होतं, लोंब्या वाकल्या होत्या, कडेला कुडाची सात-आठ घरं होती. त्यानं रेडिओवर जुहूला हाक दिली. नुसती खरखर. पुन्हा दिली. मग खरखरही थांबली.

देवजीला मात्र यात नवल काहीच वाटत नव्हतं. काचेला नाक लावून तो लहान पोरासारखा दाखवत होता. "यो आमचा बांध. ते किसन पाटलाचं खलं. त्यो उंबर. शेट, जरा वलवा की."

नंदकुमारनं विमान वळवलं. आपण का वळवतोय हे त्याचं त्याला कळलं नाही. एक घिरटी झाली, दुसरी झाली. खाली पाण्यात आभाळ स्वच्छ दिसत होतं, ढगाचा कापूससुद्धा दिसत होता. त्या आभाळात त्यांचं विमान नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं, पण भीती वाटली नाही. पुढे कित्येक दिवस त्याला याच गोष्टीची भीती वाटत राहिली, की त्या वेळी आपल्याला भीती वाटली नाही. उलट मनात येत होतं, केवढी शांत जागा आहे, इथं उतरावं.

"उघाडी," देवजी म्हणाला.

बांधाच्या टोकाला एक बाई उभी होती. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं, पायाशी पाटी. माणसं विमानाकडे बघतात तशी, डोळ्यांवर हात धरून ती बघत नव्हती. मान वर करून नीट या दोघांकडे बघत होती. मग तिनं एक हात पुढे केला आणि तळवा खाली धरून हलवायला सुरुवात केली. हळूहळू, न थांबता.

"गोजरा," देवजी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात तो शब्द ऐकू यायला नको होता. पण आला.

विमान आणखी खाली गेलं. तिच्या हातातल्या बांगड्या दिसू लागल्या. नंदकुमारचा हात आपोआप इंजिनाचा वेग कमी करत होता.

देवजीनं एकाएकी त्याचा खांदा धरला. बोटं हाडापर्यंत रुतली. "वर घ्या, शेट! वर घ्या! ती हाकलते आपल्याला. भातावरची पाखरं हाकलतात ना, तशी. जा बोलते. जाऊया!"

त्या दुखण्यानं नंदकुमार जागा झाल्यासारखा झाला. त्यानं वेग पूर्ण दिला आणि दांडी पोटाशी ओढली. विमान थरथरलं, नाक वर आलं, आणि त्याच क्षणी समोरच्या धुराळ्यातून विजेच्या तारा सरसरत आल्या आणि चाकांखालून निघून गेल्या. डाव्या पंखाजवळून लोखंडी टॉवरचं टोक गेलं, इतकं जवळून की त्याच्यावर बसलेला कावळा दिसला. नंदकुमारनं मागे वळून पाहिलं. खाली लाल मुरूम होता, आणि दोन रोडरोलर.

घाट ओलांडून ते पुण्याला पोचले. उतरल्यावर देवजीनं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "शेट, मी एश्टीनं जातो."

नंदकुमार दुपारी एकटाच परत फिरला. हवा आता लख्ख होती. त्या जागेवर त्यानं खूप उंचावरून नजर टाकली, खाडीचं वळण आणि टॉवरची रांग मनात पक्की केली, आणि सरळ पुढे गेला. घरी सुचित्रानं विचारलं, "कशी झाली फेरी?" तो म्हणाला, "धुकं होतं." मुलींना जवळ घेऊन तो बराच वेळ बसून राहिला.

अमावस्येला तो देवजीला जीपमधून तिथं घेऊन गेला. दोन टॉवरच्या मधली ती जागा सापडायला वेळ लागला नाही. सगळीकडचा मुरूम कोरडा ठणठणीत होता. तिथं मात्र घोंगडीएवढ्या जागेत तो काळपट ओला होता. रोलरवाला म्हणाला, "साहेब, इथं कितीबी दाबा, सकाळी परत खचलेलं असतं."

देवजीनं नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. नंदकुमार म्हणाला, "देवजीबाबा, त्या दिवशी तिनं हाकललं नसतं, तर आपण आज इथं उभे नसतो."

देवजीनं नारळाची शकलं त्या ओल्या जागेवर मांडली.

"ती हाकलीत नव्हती, शेट," तो म्हणाला. "बोलवीत होती."

त्यानं हात पुढे केला, तळवा खाली धरला आणि बोटं हलवली. ये, ये. मग तसाच हात ठेवून बोटं उलटी झटकली. जा, जा. "वरून बगनाऱ्याला दोनी एकच दिसतं. मना म्हाईत हाय. शेतावर भाकर आनली की ती अशीच बोलवायची."

"मग तुम्ही मला तसं का सांगितलंत?"

"तुमच्या पोरी ल्हान हायेत." एवढं बोलून देवजी जीपकडे चालू लागला. चढताना थांबला. "शेट, परत कवा जानार पुन्याला?"

नंदकुमारनं जीपची किल्ली फिरवली. "आता नाही जात," तो म्हणाला.

ते खरं नव्हतं. तो जात होता, पण कल्याणवरून, लांबचा वळसा घेऊन. देवजी मात्र विचारायचा. दर हिवाळ्यात, धुकं पडायला लागलं की फाटक उघडताना हळूच म्हणायचा, "शेट, एकदाच." नंदकुमार नाही म्हणायचा. देवजी रागवायचा नाही, सलाम करायचा आणि फाटक लावून घ्यायचा. अशी पाच-सहा वर्षं गेली. मग त्यानं नोकरी सोडली, आणि तो हिवाळा न विचारता गेला.

नंदकुमारला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. एका संध्याकाळी तो मुद्दाम नावड्याला गेला. देवजीची सून भागीरथी ओट्याखाली मसाल्याच्या मिरच्या गोळा करत होती. देवजी ओट्यावर जाळं विणत बसला होता. चेहरा तुकतुकीत, पहिल्यापेक्षा तरुण वाटावा असा.

"बसा, शेट."

"या वर्षी विचारलं नाहीत, देवजीबाबा. म्हटलं, तब्येत बरी आहे ना."

"बेस हाय. आता कशाला जायचं इमानानं?" देवजी हसला. त्याला हसताना नंदकुमारनं कधी पाहिलं नव्हतं. "ती घरी आली."

नंदकुमारनं भागीरथीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. मिरच्या वेचणारे तिचे हात तेवढे थांबले. "कवापासून असंच बोलतात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी कालोख पडला की मधल्या घरात जात नाय. आमचे हे पन नाय जात." मग आणखी हळू म्हणाली, "खाऱ्या चिखलाचा वास येतो."

देवजीनं विणता विणता मान मागे वळवली आणि घरात हाक दिली, "अगो, शेट आलेत. पानी आन."

आत भांडं वाजलं. मग बांगड्या वाजल्या.

भागीरथी अंगणातच होती, नंदकुमारच्या पायाशी बसलेली. तिनं पदर तोंडाला लावला. घरात दुसरं कोणी नव्हतं. देवजीचा मुलगा नामा कामावरून यायचा होता. मधल्या घराच्या अंधारातून ओल्या पावलांचा आवाज येऊ लागला, सावकाश, भरलेलं भांडं हिंदकळू नये म्हणून जपून टाकलेल्या पावलांचा.

"बसा ना, शेट," देवजी म्हणाला. "आलीच."

नंदकुमार बसला नाही. पाणी घेण्यासाठीही तो थांबला नाही. जीप सुरू करून तो पनवेलच्या रस्त्याला लागला आणि खांदेश्वराच्या देवळाशी येईपर्यंत त्यानं मागे पाहिलं नाही. त्या वर्षअखेरीस त्याच्या विमानाच्या लायसनची मुदत संपली. ते त्यानं पुन्हा काढलं नाही.