कानसेनांचा दुसरा हेडफोन

पाच महिने ते हेडफोन निवडत होते. लेक म्हणायची, "बाबा, हेडफोन घेताय की सून आणताय? एकही पसंत पडत नाही तुम्हाला."

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेत त्यांची बावीस वर्षं गेली होती. काचेच्या पलीकडे वाचणारी बाई, अलीकडे हे, आणि मध्ये शांतता. पान सरकल्याचा आवाज, घोट गिळल्याचा आवाज, वाचणारीच्या पोटात कावळे ओरडले तर तोही आवाज ते नेमका टिपायचे आणि हात वर करून म्हणायचे, "पुन्हा." म्हणून संस्थेत त्यांचं नाव पडलं कानसेन. खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर त्यांनाच क्षणभर वाटायचं, दुसऱ्या कुणाला बोलावतायत.

कामाचा हेडफोन एकच होता, अकरा वर्षांचा, गाद्यांचं कातडं सोललेलं. तो आता मठ्ठ झालाय, असं त्यांचं म्हणणं. शब्द गोधडीखालून आल्यासारखे यायचे. तेव्हा दुसरा घ्यायचा. चांगला, पण आवाक्यातला. घर रिकामं करून कानाला दागिना घडवायचा नव्हता. वहीत त्यांनी रकाने पाडले. मागून बंद की मागून उघडा, वजन किती, तार सुटी निघते का, गाद्या बदलून मिळतात का. रकाने भरले, मन भरेना.

तोवर त्या मठ्ठपणावर त्यांनी आपला उपाय काढला होता. प्रत्येक पुस्तकाचं ध्वनिमुद्रण साफ करताना ते ट्रेबल वाढवायचे, म्हणजे आवाजाची धार वर चढवायचे. थोडी, मग आणखी थोडी. कानाला बरं वाटल्यासारखं होईपर्यंत.

आणि दोन महिन्यांपूर्वी ते पत्र आलं.

संस्थेची सगळ्यात जुनी वाचणारी म्हणजे वाचनबाई. एकोणीस वर्षं वाचत होती. सुपातून पाखडलेल्या धान्यासारखे तिचे शब्द, दाणा न् दाणा सुटा. तिच्याबद्दल एका श्रोत्याने लिहिलं होतं, 'बाईंचा आवाज आताशा टोचतो. प्रत्येक स शीळ घालतो. अर्ध्यावर पुस्तक बंद केलं, वाईट वाटलं.' संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी कानसेनांना बोलावून ते पुस्तक लावलं. "मला येते बाई ऐकू शीळ. तुम्ही सांगा, काय आहे हे?"

कानसेनांनी तीनदा ऐकलं. शीळ कुठेच नव्हती. 'मला ऐकू येत नाही' एवढे चार शब्द म्हणायचे होते. ते जिभेपर्यंत आले आणि बावीस वर्षांचं नाव उंबऱ्यात आडवं झोपलं. कानसेन म्हणाले, "दातांतून हवा जाते त्यांच्या. वयाचं आहे. मी गेले काही महिने सांभाळूनच घेतोय."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं.

वाचनबाई दंतवैद्याकडे गेली. पुढचे दोन दात तिने घासून घेतले, फट बुजवून घेतली, आठ दिवस पातळ खाल्लं आणि परत येऊन एक पान वाचलं. कानसेनांनी ते पान साफ केलं, नेहमीसारखंच. मोठ्या बाईंनी ऐकून नकाराची मान हलवली; शीळ तशीच होती. वाचनबाईला विश्रांती मिळाली. पुढल्या महिन्यात तिच्या खुर्चीवर नवी वाचणारी बसायची होती.

रविवारी सकाळी लेकीने त्यांना जवळजवळ ओढतच दुकानात नेलं. दुकान अरुंद, भिंतभर आकडे, आकड्यांवर हेडफोन लटकलेले. दुकानदार सोशिक माणूस होता. प्रत्येक जोडीच्या गाद्या मऊ फडक्याने पुसून पुढे करत होता. वहीतले तिन्ही हेडफोन मांडले. कानसेनांनी स्वतःच्या फोनमधला आवाज लावला, वाचनबाईचं एक प्रकरण, त्यांनीच साफ केलेलं. रोज ऐकलेला आवाज परीक्षेला बरा.

पहिला मठ्ठ. दुसरा मठ्ठ. तिसरा त्यांचाच भाऊ.

दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक जोडी काढली. "काका, हा घेऊ नका, तुमच्या ठरवलेल्या पैशांत बसणार नाही. नुसता ऐका."

त्यातही बाई गोधडीखालीच होती.

"तुमच्याकडचे सगळेच असले," कानसेन म्हणाले.

"आण इकडे," म्हणत लेकीने हेडफोन घातला आणि विंचू चावल्यासारखा काढला. "बाबा, सुया टोचतात कानात. हे तुम्ही असं पाठवता लोकांना?"

दुकानदाराने ऐकलं. त्याचा चेहरा मऊ झाला आणि तो मऊपणा कानसेनांना थोबाडीत बसल्यासारखा लागला. "हेडफोनचा दोष नाही काका. रेकॉर्डिंगचा ट्रेबलच फार वर गेलाय."

मग त्याने स्पीकरवर एक सूर लावला, खालून वर चढत जाणारा. सूर चढला, बारीक झाला, केसाएवढा झाला, विझला.

"बंद पडला," कानसेन म्हणाले.

"चालू आहे, बाबा." लेक त्यांच्याकडे बघत होती. दुकानदार फडक्याची घडी घालत होता. कानसेन वाट बघत राहिले आणि तो न ऐकू येणारा सूर दुकानात किती तरी वेळ चालू राहिला.

"आता थांबला," लेक हळूच म्हणाली.

"वयाने होतं काका, सगळ्यांनाच होतं," दुकानदार म्हणाला.

वयाचं आहे. हे शब्द कुणाच्या तोंडचे, ते कानसेनांना चांगलं ठाऊक होतं. धरणी दुभंगली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं.

काही न घेता ते बाहेर आले. लेक म्हणाली, "कमी ऐकू येणं हा काय गुन्हा आहे का? तोंड असं काय केलंय?"

तेव्हा त्यांनी फुटपाथवर उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. पत्राचं, तीनदा ऐकल्याचं, दातांचं. लेक बोलकी; पण दातांपाशी आल्यावर तिने तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "मग माझ्याजवळ काय उभे आहात?"

वाचनबाई तिसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडलं तेव्हा हातात मटारचं ताट होतं. "या कानसेन. जिना कसा वाटला? माझ्याकडे येणाऱ्याचं प्रेम तिथेच मोजलं जातं." ती हसली, पण बोलताना अडखळत होती. बदललेल्या दातांशी जिभेची ओळख अजून झाली नव्हती. कोरड्या नदीत दगडावरून दगडावर पाय ठेवावा, तसा एकेक शब्द जपून ठेवत होती.

ते खुर्चीच्या कडेवर बसले. वाटेत जुळवलेली वाक्यं जिन्यातच सांडली होती. "बाई, शीळ तुमची नव्हती. माझी होती. मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून मी धार वाढवत गेलो. पत्र आलं तेव्हा ती शीळ मला ऐकूच आली नव्हती. तरी मी दातांचं बोललो."

वाचनबाईने एक शेंग सोलली, मग दुसरी. दाणे ताटात पडत राहिले.

"नाचता येईना अंगण वाकडं, हे लहानपणापासून ऐकत आले," ती म्हणाली. "ऐकू येईना दात वाकडे, हे आज नवीन कळलं."

कानसेन मान खाली घालून बसले.

"घासलेला दात परत वाढतो का हो?"

"नाही."

"तीन आठवडे आरशासमोर उभी राहून स म्हणत होते मी. शेजारीण विचारायची, साप पाळलाय का घरात." आवाज चढला नाही. चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "माझं तोंड मला माहीत होतं, कानसेन. तुम्ही म्हणालात म्हणून मी त्यावर अविश्वास दाखवला. मी तुमच्या कानावर माझ्या तोंडापेक्षा जास्त भरवसा ठेवला."

"मी उद्या सकाळी मोठ्या बाईंना—"

"उद्या कशाला? फोन आहे ना खिशात. माझ्यादेखत बोला. माझ्या माघारी एकदा बोलून झालंय तुमचं."

त्यांनी फोन लावला, टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. मोठ्या बाई "बोला कानसेन" म्हणाल्या आणि त्या नावाने ते पुन्हा एकदा लाजून काळेठिक्कर पडले. तरी बोलले. सांभाळून घेतोय हे खोटं होतं, तेसुद्धा बोलले. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "सात पुस्तकं गेली आहेत अशी. मूळ ध्वनिमुद्रणं तरी ठेवलीत का?"

"ठेवली आहेत. पण दुरुस्त करताना शेजारी ऐकणारं माणूस लागेल. माझ्या एकट्याच्या कानावर हे सोडू नका."

"कोण बसणार तुमच्याजवळ?"

कानसेनांना वर बघवेना. वाचनबाईने ताट बाजूला ठेवलं आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "मी बसते. आणि खुर्ची माझी मला हवी. वाचायची."

दुसऱ्या दिवशी दुकानात हेडफोन तिने निवडला. वही कानसेनांच्या काखेतच राहिली. मूळ ध्वनिमुद्रण लावून तिने तिन्ही जोड्या ऐकल्या, दुसरी परत मागितली, डोळे मिटले. "हा. यात माझा आवाज माझ्याच वयाचा वाटतो. बाकीचे मला लाडीगोडी लावतात." ठरवलेल्या पैशांत तो बसत होता. पिशवी कानसेनांनी उचलली. ती त्यांच्यासाठी न थांबता पुढे चालत राहिली.

मग संस्थेत काचेच्या अलीकडे दोन खुर्च्या आल्या. एका यंत्राला दोन तारा, जुनी यांच्या कानाला, नवी तिच्या. पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान सुरू झालं आणि कानसेनांनी सवयीने ट्रेबलचं बटण वर चढवलं. पाचव्या ओळीला वाचनबाईने हात वर केला. कानसेनांनी बटण जरा खाली घेतलं. हात तसाच होता. त्यांनी आणखी थोडं खाली घेतलं. त्यांच्या कानात काही म्हणजे काही बदललं नाही. ते तिच्या हाताकडे बघत बटण फिरवत राहिले, हात खाली येईपर्यंत.