येसूबाई ओरडली आणि मी गप्प राहिले

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, मित्रांनो. बेलापूरला रहिमाबीच्या घरात, फळीवर, लोणच्याच्या बरण्यांमागे माझा मुक्काम असतो. मुले मला तोंडाला लावतात, गाल फुगवून फुंकतात आणि मी वाजत नाही म्हणून रुसतात. त्यांना कोण सांगणार, की फुंकरीने माझे पोट भरत नाही? मला बॉयलरची वाफ लागते.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या एका निळ्या एक्सप्रेस इंजिनावर मी दिमाखात बसत असे. ताशी शंभर मैलांच्या पुढे जाऊन त्या इंजिनाने वेगाचा विक्रम केला, तेव्हा आरोळी मीच ठोकली होती. रुळांच्या कडेला माणसे टोप्या उडवत उभी होती, पण त्यांचे चेहरे दिसायच्या आत ती मागे पडत. ती कोण होती? घरी जाऊन आमच्याबद्दल काय बोलली असतील? याचे मला भारी कुतूहल होते.

पुढे दुरुस्तीच्या वेळी इंजिनावर नवी शिट्टी बसली आणि मी बंदराजवळच्या भंगारात जाऊन पडले. तिथून मला उचलले मकबूलने. तो बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. ते निळे इंजिन त्याने एकदा स्टेशनात डोळे भरून पाहिले होते, म्हणून मला पाहताच तो हरखला. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास तो गावी बेलापूरला परतला, खाडीतून पनवेलला जाणाऱ्या वाफेच्या लाँचवर भट्टी सांभाळू लागला आणि मला त्याने तिच्या धुराड्याशेजारी बसवले.

इथली तऱ्हाच निराळी! विलायतेत गाडी घड्याळ बघून सुटे, इथे लाँच भरती बघून सुटे. म्हणजे रोज वेगळ्या वेळी. वर लाँच चालवणारा तांडेल हिरामण माणसांसाठी खुशाल खोळंबून राही. मासे विकणारी येसूबाई तर नेहमी उशिरा येई. मी वाजले की ती लांबूनच गरजे, "आले गो! बोंबलतेस कशाला?" तो आवाज पलीकडच्या काठावर ऐकू जाई. खाडीवर माझ्या तोडीची तीच एक होती, आणि खरे सांगते, मला तिचा हेवा वाटे.

एके दिवशी सकाळी येसूबाई पाटीशिवाय आली. बाळंतपणाला माहेरी आलेल्या तिच्या कमळीला चार बायकांनी धरून आणले होते. मूल आडवे आले होते आणि सुईणीने हात टेकले होते. पनवेलचा दवाखाना गाठल्याशिवाय माय-लेकराची धडगत नव्हती. पण ओहोटी लागली होती, आणि ओहोटीत पनवेलच्या खाडीचा निम्मा चिखल होतो.

"पानी उतरतंय. मदीच रुतलो तं?" हिरामण म्हणाला.

"रुतायच्या आदी पोचवतो," म्हणत मकबूलने फावडे उचलले. त्याची बायको रहिमाबीही कमळीला धरून लाँचमध्ये बसली.

मी मनातून सुखावले. किती वर्षांनी धावायला मिळणार होते! पहिले वळण आले. हिरामणचा हात माझ्या दोरीकडे गेला, तोच मकबूल खालून ओरडला, "शिट्टी नको! तिला दिलेली वाफ इंजिनाला कमी पडंल!"

"वलनाआड होड्या असतील, त्यांना कोन सांगंल?"

"मी सांगते," येसूबाई म्हणाली. लेकीचा हात रहिमाबीच्या हातात देऊन ती लाँचच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "बाजू व्हा रं! माजी कमळी हाय लाँचमदी! बाजू व्हा!"

विक्रमी इंजिनाची शिट्टी मी, आणि ऐन वेळी मला गप्प बसवले होते. आधी अपमानच वाटला. मग होड्या भराभर बाजूला होताना दिसल्या. कुणी पसरलेले जाळे तसेच ओढून घेतले, कुणी बांबू रेटून होडी चिखलात घातली. तळ दोनदा खरवडला, लाँच थरथरली, पण थांबली नाही. मीही जरादेखील वाफ मागितली नाही.

संध्याकाळच्या भरतीला आम्ही परत निघालो. त्याच वळणावर त्याच होड्या थांबल्या होत्या. "कमळी कशी हाय?" सगळे विचारत होते. येसूबाईने तोंड उघडले, पण तिचा घसा पार बसला होता. तिने हिरामणला माझी दोरी दाखवली. मग माय-लेकी सुखरूप असल्याची वर्दी देत मी वाजले! तशी मी विलायतेतही वाजले नव्हते. होड्यांतली माणसे हसली, एकाने डोळे पुसले. या वेळी मला सगळ्यांचे चेहरे दिसले.

पुढे पनवेलला रेल्वे आली, लाँच बंद झाली आणि मी या फळीवर आले. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी तिला एकदा हातात घ्या आणि ती कुणाच्या कामी आली ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

परवा कमळीच्या मुलीने मला चिंचेने घासून लख्ख केले. "आये, ही किती जोरात पलायची?" तिने आजीला विचारले.

येसूबाईचा आवाज त्या दिवसापासून घोगराच आहे. ती म्हणाली, "तुज्या जल्माआदी दवाखान्यात पोचली, एवढ्या जोरात."