हलका हात

थोरलीने धाकट्या बहिणीच्या उष्ट्या कपावर उकळतं पाणी ओतलं, तो चिमट्याने उचलला आणि खिडकीत वेगळा ठेवला.

धाकटीने पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाल्यापासून घरात हेच चाललं होतं. हा आजार रक्तातून रक्तात जातो, उष्ट्यातून नाही, असं डॉक्टरांनी थोरलीलाही समजावलं होतं. तिने मान डोलावली आणि घरी येऊन टॉवेलही वेगळा केला. गल्लीची कुजबुज त्याच्या पुढे गेली होती. परगावी एकटी राहून आलेली बाई. तेवढं पुरेसं होतं.

आज डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी इंजेक्शनं कुणाकडे घेतलीत? वडिलांकडेच, ती म्हणाली. बाबा कंपाउंडर होते. सगळ्या गल्लीला काचेची एकच सिरिंज. साथीत उकळायला उसंत नसायची. नळाखाली धरली की पुढचा दंड. तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा वर्षानुवर्षं यकृतात दबा धरून बसतो. त्या सुईखालून गेलेल्या सगळ्यांनी तपासून घ्यायला हवं. वेळेत कळलं तर गोळ्यांनी बरा होतो.

धाकटीकडून हे ऐकताना थोरलीची सुरी भाजीवर थांबली.

"बाबांचं नाव यात आणायचं नाही."

"आणि माझं?"

थोरली पुन्हा चिरायला लागली.

संध्याकाळी शेजारचे शिंपीकाका चौकशीला आले, पण धाकटीपासून लांब, दारातच टेकले. अलीकडे पाय सुजतात, भूक मेली आहे, वयाचं असेल, असं सांगत राहिले. दिवा लावला तेव्हा त्यांचे डोळे हळदीसारखे दिसले.

"तुमच्या बाबांसारखी सुई आता कुणी देत नाही," ते म्हणाले. "काय हलका हात होता!"

धाकटी बोलणार, तोच थोरलीने तिचं मनगट धरलं. कित्येक दिवसांत तिने धाकटीला हात लावला नव्हता.

"काका," थोरली म्हणाली, "उद्या आमच्याबरोबर दवाखान्यात चला. रक्त तपासायला."

"आमच्या म्हणजे? तुला काय झालंय?"

थोरलीची बोटं मनगटावर आणखी आवळली.

"पोरांची भीती जावी म्हणून बाबा आधी मला टोचायचे," ती म्हणाली. "मग तीच सुई बाकीच्यांना."