ओतीव आकड्याची कैफियत

मी एक जुना, ओतीव लोखंडाचा आकडा आहे. वजन उचलायच्या चेनकप्पीला खाली वाकडा हूक लोंबकळतो ना, तो मी. सध्या अंधेरीला, मरोळच्या एका कारखान्यामागे भंगाराच्या पिंपात दोन तुकडे होऊन पडलो आहे. अशा हकीकतीत ‘मित्रांनो’ म्हणायचं असतं म्हणून म्हणतो, मित्रांनो. बाकी माझं तुमच्याशी काही सख्य नाही. मोडक्या वस्तूंकडे बघून हळहळणाऱ्यांचा मला राग येतो. तेव्हा ऐका आणि चालू लागा.

ज्याच्यावरून मला बनवलं, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तो घडीव आकडा. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर काशीराम लोहाराची भट्टी होती, तिथे तो जन्मला. काशीरामने लोखंडाची कांब लाल होईपर्यंत तापवली, ऐरणीवर धरली आणि घणाने बडवली. पुन्हा तापवली, पुन्हा बडवली. बडवून लोखंड दाबलं जातं, घट्ट होतं. लाकडात रेषा असतात तशा कांबेच्या पोटातही असतात, आणि कांब तापवून वाकवली की त्या तिच्यासोबत वळतात, तुटत नाहीत. हे सगळं काशीराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसायचा. त्याचा आकडाही तसाच, बघावं तेव्हा फुशारलेला.

आमच्या कारखान्याचे मालक विद्याधर साहेब. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी केबिनमध्ये काचेत लावून ठेवली होती. १९८३ साली एकदा काशीराम कामाचे भाग पोचवायला आला आणि बाहेरच्या पाहुण्यांसमोर म्हणाला, “साहेब, ड्रॉइंगात हा कोपरा एवढा धारदार ठेवलात, हा भाग तिथूनच मोडणार बघा.” पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी फर्मान काढलं की काशीरामच्या हातचं लोखंड या कारखान्यात दिसता कामा नये. चेनकप्पीवरचा त्याचा आकडाही उतरवला.

मग नवा आकडा कुठून आणायचा? साहेब तोच जुना घेऊन मुलुंडच्या ओतारखान्यात गेले. तिथल्या अण्णांनी तो ओल्या काळ्या वाळूत दाबून साचा केला. एवढं ऐकूनच तुम्हाला कळेल की माझं तोंड उसनं आहे. अण्णा साहेबांना म्हणाले, “ओतून देतो, पण याच्यावर काही टांगू नका. ओतिवाला दाब चालतो, ताण चालत नाही.” साहेब म्हणाले, “तुम्ही ओता. पुढचं मी बघतो.”

भट्टीतून लोखंडाचा रस आला आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात पसरला. मला कोणी मारलं नाही, दाबलं नाही, वाकवलं नाही. चहा होईपर्यंत मी तयार होतो. निवताना आक्रसलो, म्हणून त्याच्यापेक्षा कणभर लहान भरलो, तेही मला सलतं. पण ओतकामाला नावं ठेवायचं काम नाही. लेथचा पाट, पंपाची पोटं, दात असलेली मोठाली चाकं काशीरामने घणाने करून दाखवावीत. जन्म जाईल त्याचा. नुसता भार पेलायला सांगा, आम्ही ओतीव मंडळी वर्षानुवर्षं हलणार नाही. मला मात्र त्यांनी टांगलं. आणि ओतताना माझ्या वळणात हवेचा एक बुडबुडा अडकला होता, तो बाहेरून कोणालाच दिसला नाही.

तीन वर्षं मी काम केलं. साहेब माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत, “हुबेहूब. काय फरक आहे?” मी फुगायचो. घडीव आकडा फळीवर धूळ खात होता आणि मला त्याचा आनंद व्हायचा. त्या बुडबुड्यापासून एक बारीक चीर हळूहळू बाहेर सरकत होती. मला ती कळत होती. मी सांगू शकत नव्हतो, आणि खरं सांगू, सांगता आलं असतं तरी सांगितलं नसतं.

माझ्याखाली काम करायचा धाकू. देवगडकडचा, गिरणी बंद पडल्यावर इथे आलेला. त्याची बायको सोनूबाई कारखान्यात झाडलोट करायची आणि फिटरांना रेघा आखता याव्यात म्हणून कामाच्या लोखंडी तुकड्यांवर खडूचं पाणी फासून द्यायची. मला दोघंही आवडत नसत. धाकू माझ्यावर फार विश्वास टाकायचा, आणि ती माझ्याकडे सारखी वर बघायची.

१९८६ची खंडेनवमी आली. या दिवशी हत्यारं धुऊनपुसून पुजायची, वापरायची नाहीत. मला उतरवलं. सोनूबाईने घासलेटने तीन वर्षांचं ग्रीस काढलं, कोरडं पुसलं आणि पूजेत आकडा उठून दिसावा म्हणून मला खडूचा पांढरा हात दिला. घण, पाने, कानशी सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या. आरती होईपर्यंत माझ्या वळणावर काळी रेघ उमटली. तिने ती पुसली, पुन्हा पांढरं लावलं. रेघ पुन्हा आली. चिरेत मुरलेलं घासलेट बाहेर पाझरत होतं.

“सायबानू,” ती म्हणाली, “ही रेघ पुसलंय तरी परत येता.”

“घासलेटचा डाग आहे तो,” साहेब म्हणाले. “प्रसाद वाटा.”

“डाग न्हय. परवा माझो घोव हेच्या खाली निजतलो.”

ते खरं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टनभर वजनाचा प्रेस माझ्यावर उचलून धरायचा होता आणि धाकूने खाली आडवं होऊन बोल्ट बसवायचे होते. एवढं वजन मी कधीच उचललं नव्हतं.

“सोनूबाई, तुमचं काम झाडण्याचं. लोखंडातलं मला कळतं.”

धाकूला सगळ्यांदेखत लाज वाटली. “सोने, गप रव,” तो म्हणाला. “सायेब शिकलेले आसत.”

तिने पूजेतला घण उचलला, माळेसकट. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून दोघंतिघं ओरडतच पुढे आले. तोवर तिने मला फरशीवर ठेवून घण मारला. आयुष्यात मी खाल्लेला तो पहिला घाव. मी एकाच घावात दोन झालो.

“घणाने काहीही मोडेल,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता.

तिने फळीवरून काशीरामचा आकडा काढला, माझ्याच जागी ठेवला आणि त्यालाही तेवढाच घाव घातला. तो ठणठणला, घण उसळून मागे आला. सगळ्या शेडमध्ये तो आवाज भरला. त्याने असले हजार घाव जन्माआधीच खाल्ले होते. मी त्याचं तोंड घेऊन आलो होतो, मार घेऊन आलो नव्हतो. हे मला तेव्हा कळलं आणि भयंकर झोंबलं.

धाकू खाली बसला. माझ्या मोडलेल्या अंगात साखरेसारखे करडे कण दिसत होते आणि मधोमध पोकळी होती. त्याने तिच्यात करंगळी घातली. नखापर्यंत गेली. बायकोकडे त्याला बघवेना.

साहेबांनी सोनूबाईला पूजा मोडल्याबद्दल दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. चुकलो, असं ते कोणाला म्हणाले नाहीत. पण प्रेस काशीरामच्याच आकड्यावर चढला. धाकू खाली आडवा झाला, सगळे बोल्ट बसवले आणि हात पुसत बाहेर आला.

मित्रांनो, शेवटी वस्तूंना जपा म्हणून सांगायचं असतं. मी ते सांगणार नाही. मला तेल मिळालं, हार मिळाला, कौतुक तर रोज मिळालं, आणि तेवढ्या काळात चीर वाढत गेली. तुमचं माणूस ज्याच्या भरवशावर खाली उभं राहणार, त्याला आधी एक घाव घालून बघा, मग तो कितीही हुबेहूब दिसो. तो चिडेल. चिडू द्या. मी अजून सोनूबाईवर चिडलेलाच आहे, आणि धाकू रोज संध्याकाळी घरी जातो.